घाटाची चढण, कुंभारीण आणि कोळी



या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगारांच्या एखाद्या प्रश्नावर बोलावे. त्या प्रश्नांवर आम्ही बाराही महिने फाटकासमोर उभे राहून बोलत असतो, आणि ऐकणाऱ्यांना ते पाठही झाले आहे. तेव्हा आम्ही कोळ्यांवर बोलू असे म्हटले. मंडळींना वाटले, महादेव कोळी बांधवांच्या जमिनींचा प्रश्न असावा. तो प्रश्न मोठा आहे. पण आजचे आमचे कोळी आठ पायांचे आहेत. जाळे टाकून बसणारा तो कोळी, मग तो पाण्यावरचा असो की आढ्याखालचा, अशी आपल्या भाषेने सोय करून ठेवली आहे, तिला आम्ही तरी काय करणार!

आमचे शालेय शिक्षण फार नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, संपाच्या दिवसांत आणि रात्रीच्या गाड्यांत. त्यामुळे शास्त्रज्ञाच्या अधिकाराने आम्ही बोलणार नाही. परंतु या विषयातला एक थोर माणूस, फ्रान्सचा फाब्र, हाही गरीब घरातला, पोटासाठी शाळामास्तरकी करणारा आणि बहुतेक सारे स्वतःच शिकलेला होता. १८२३ साली जन्मला, १९१५ साली वारला, आणि किड्यांच्या आयुष्याविषयी दहा खंड लिहून गेला. अशा माणसांमुळे आमच्यासारख्यांना धीर येतो.

प्रथम कुंभारीण घेऊ. ती आपण सर्वांनी पाहिली आहे. बारीक सुईसारख्या कमरेची ही गांधीलमाशी आढ्याला, तसबिरीच्या मागे, विजेच्या मीटरच्या पेटीत मातीच्या कोठ्या बांधते. चिखलाची गोळी तोंडात धरून आणायची, थापायची, पुन्हा जायचे. कोठी तयार झाली की शिकारीला निघते, आणि तिची शिकार म्हणजे कोळी. ती कोळ्याला मारीत नाही. डंख करून त्याचे हातपाय लुळे पाडते आणि जिवंत कोठीत भरते. असे अनेक कोळी कोंबून झाले, अंडे घालून झाले, की तोंड लिंपून टाकते. आतली अळी ताजे अन्न खात वाढते, कोश करते, आणि एके दिवशी माती फोडून नवी कुंभारीण बाहेर पडते. मेलेला कोळी कुजला असता. लुळा कोळी कुजत नाही. बर्फाच्या पेटीवाचून अन्न टिकविण्याची ही युक्ती माणसाच्या कितीतरी आधीची आहे.

आपल्याकडे याच व्यवहारावरून भृंगी-कीटक न्याय निघाला. किडा भृंगीच्या घरात कोंडला जातो, तिच्या गुणगुणण्याने तिचेच ध्यान करतो, आणि अखेर स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडतो, असा तो दृष्टांत. संतवाङ्मयात तो जागोजागी येतो, आणि दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे. पाहणाऱ्यांचे डोळेही खोटे नव्हते. किडा आत गेला हे खरे, माशी बाहेर आली हेही खरे. मधल्या दिवसांत मातीआड काय घडले तेवढे कोणी पाहिले नाही. कोठी फोडून पाहिली की कळते, ध्यान करणारा खाल्ला गेला. 'धन्याचे चिंतन करा, तुम्हीही धनी व्हाल' असे कामगाराला सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही ही कोठी फोडून दाखवीत असतो.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. ऊ किंवा गोचीड रक्त पिते, पण गाय जगते. गाय मेली तर गोचिडीचेच नुकसान. ज्या माश्यांविषयी आम्ही बोलत आहोत त्यांचे तसे नाही. त्यांची अळी एकाच यजमानावर वाढते आणि शेवटी त्याला संपविते. शेतकी खात्याच्या पुस्तकांत अशांना परोपजीवी कीटक म्हणतात. आपण तोच शब्द ठेवू. काटेकोर बोलायचे तर अनेक कोळ्यांचा साठा करणारी कुंभारीण शिकारी आणि परोपजीवी यांच्या सीमेवर उभी आहे. दुसरी एक जमात जमिनीवर धावत कोळी शोधते, एकच मोठा कोळी लुळा करून बिळात ओढते आणि त्यावर एक अंडे घालते. तिसरी जमात मात्र अस्सल परोपजीवी, आणि तिची कथा ऐकून रात्री झोप लागणे कठीण.

ही तिसरी माशी लहान आणि नाजूक असते. ती जाळ्यात बसलेल्या कोळ्यावर झडप घालते, त्याला काही क्षणच निश्चेष्ट करते, पोटावर एक अंडे चिकटविते आणि निघून जाते. कोळी शुद्धीवर येतो, जाळे विणतो, माशा पकडतो, खातो. पोटावर एक पांढरट अळी बसून त्याचे रस शोषीत असते आणि हा कामावर हजर! कोस्टा रिका या देशात एबरहार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने या अळीची शेवटची रात्र पाहिली, आणि ती हकीकत २००० साली प्रसिद्ध केली. त्या रात्री कोळी नेहमीचे चक्राकार जाळे विणीतच नाही. विणकामाचे आरंभीचे थोडे टाके तो पुन्हापुन्हा घालीत राहतो, आणि त्यातून जाड धाग्यांची एक भक्कम टांगणी तयार होते. तिचा कोळ्याला काडीचाही उपयोग नाही. ती झाली की अळी कोळ्याला मारते, शोषून टाकते, आणि त्या टांगणीला आपला कोश लटकविते. पावसाने साधे जाळे तुटेल, ही तुटत नाही. अळी आयत्या वेळी काढून टाकली तरीही कोळी त्या रात्री तीच टांगणी विणतो; काही कोळी पुढे पूर्ववत होतात. म्हणजे अळीने त्याच्या अंगात काही रस सोडलेला असतो. पुढच्या संशोधनात असे दिसले की, कात टाकण्याच्या वेळी कोळ्याच्या शरीरात जो रस वाढतो, त्याचेच प्रमाण अशा कोळ्यांत वाढलेले असते. जपानात २०१५ साली अशीच टांगणी मोजली, तर तिचे धागे साध्या जाळ्याच्या अडीचपटीहून अधिक बळकट निघाले. या कुळातल्या माश्या आपल्या देशातही नोंदल्या गेल्या आहेत.

डार्विनसारख्या माणसालाही अशा माश्यांनी अस्वस्थ केले होते. दयाळू परमेश्वराने हे मुद्दाम घडविले असेल हे आपल्याला पटत नाही, असे त्याने १८६० साली एका मित्राला लिहिले. त्याच्या डोळ्यांसमोर सुरवंटांत वाढणाऱ्या अळ्या होत्या, पण प्रकार हाच. आमचे काही तरुण कार्यकर्ते ही गोष्ट ऐकून म्हणतात, 'म्हणजे मालकच की!' आम्हाला ते पटत नाही. गांधीलमाशीला दुसरा मार्ग नसतो. मालकाला असतो.

आता घाटाकडे वळू. आपण इगतपुरीकर ज्या थळ घाटाच्या माथ्यावर बसलो आहोत, त्याची रेल्वेची चढण १८६५ साली सुरू झाली. जुन्या हिशेबात कसाऱ्याचा पायथा ९४० फूट आणि इगतपुरीचा माथा १९१२ फूट दिलेला आहे. म्हणजे सव्वानऊ मैलांत ९७२ फूट, कोठे कोठे सदतिसास एक असा चढ. त्यासाठी कसाऱ्याला गाडीमागे बँकर इंजिने लागतात, आणि आमच्यातल्या कित्येकांच्या घरची चूल त्या चढणीवर पेटत आली आहे. आजच्या मापाने हे अंतर सुमारे तीनशे मीटर. हवा वर जाताना थंड होते. सरासरीने हजार मीटरला साडेसहा अंश, दमट हवेत त्याहून कमी. म्हणजे कसारा आणि इगतपुरी यांत दीडदोन अंशांचा फरक. येथून कळसूबाईचे शिखर, १६४६ मीटर, आणखी हजारभर मीटर वर. तेथे पाच ते सात अंश कमी.

एवढ्याने किड्याचे काय बिघडते? पुष्कळ बिघडते. किड्याच्या आणि कोळ्याच्या अंगात आपल्यासारखी भट्टी नाही. बाहेर जेवढी ऊब, साधारण तेवढीच आत. आता दोघांचे धंदे पाहा. कोळी जाळ्यात बसून वाट पाहतो. थंडीत, धुक्यात त्याला बसून राहणे परवडते, आणि तो पुष्कळ दिवस उपाशीही राहू शकतो. माशीला उडावे लागते, शोधावे लागते, कुंभारणीला तर वजन उचलून आणावे लागते. पंखांचे स्नायू तापल्याशिवाय यातले काहीच होत नाही. तेव्हा जो जो वर जावे, वारा आणि धुके वाढावे, तो तो कोळ्याचे पारडे जड होत जाते. शिवाय थंडीत अळी सावकाश वाढते, म्हणून वर्षात पिढ्या कमी होतात. आणि वर कोळी विरळ झाले, तर एकाच जातीच्या कोळ्यावर अवलंबून असलेली माशी आधी संपते. कोठलाही कोळी चालणारी कुंभारीण त्यामानाने तगून राहते. ज्याचे पोट दुसऱ्याच्या पोटावर आहे, त्याला दोघांच्या अडचणी सोसाव्या लागतात.

एवढ्यावर 'उंची वाढली की परोपजीवी घटतात' असे सूत्र कोणी लिहून घेत असेल, तर त्याने थोडे थांबावे. फाब्रने कुंभारीण चुलीच्या धुराड्याशी घर करताना पाहिली. ती उबेची भुकेली. पण कोळ्याच्या पोटावर अंडे घालणाऱ्या त्या नाजूक माशीच्या कुळातल्या पुष्कळ जातींना ऊन सोसत नाही, सावली आणि ओल हवी असते. तशांना तळकोकणच्या उन्हापेक्षा डोंगराच्या मध्यावरचे ओले रान मानवावे, हे ओघानेच येते. एकाच चढणीवर एक वर जाताना थकते आणि दुसरी खाली उतरताना सुकते. उंची ही काही एकच वस्तू नव्हे. ऊब, ओल, वारा, झाडोरा आणि भक्ष्य या पाच जणांची ती पंचायत आहे.

याचे उत्तम उदाहरण दक्षिण अमेरिकेत एक्वाडोर देशात सापडले. तेथे ॲमेझॉनच्या सखल रानात एका जातीचे कोळी हजारोंच्या वस्तीने एकाच जाळ्यात राहतात, मिळून शिकार करतात, मिळून पिले सांभाळतात. कोळ्यांत ही गोष्ट फार दुर्मिळ. अँडीज पर्वत चढत गेले की ही जात नाहीशी होते, आणि तिच्या जागी तिचीच चुलत भावंडे दिसतात. त्यांच्यात आई पिलांना काही दिवस जवळ ठेवते आणि मग सगळे पांगतात. लेटिसिया आविलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची कारणे शोधली. सखल रानात मोठे किडे मिळतात, ते वाटून खाता येतात. वर किडे लहान, मग मोठ्या वस्तीचे पोट भरेना. उलट खाली धो धो पाऊस जाळी मोडतो आणि मुंग्या हल्ला करतात. तेथे एकट्याचा निभाव लागत नाही, मिळूनच दुरुस्ती करावी लागते. एकजुटीला अन्नही लागते आणि संकटही लागते, असा याचा अर्थ. हे वाक्य आम्ही लिहिलेले नाही, त्या कोळ्यांनी लिहिले आहे, तेव्हा प्रचाराचा आरोप आमच्यावर नसावा.

पण याच वस्तीला परोपजीवी माशीही लागलेली आहे. २०१८ साली त्याच गटाने दाखविले की, त्या माशीची अळी अंगावर असलेला कोळी आपली वस्ती सोडून जातो. एरवी हे कोळी वस्तीपासून फारसे हलत नाहीत. हा मात्र दूर जाऊन पानांत दाट, बंदिस्त जाळे विणतो, अळीसाठी घर तयार करतो आणि मरतो. आणि वस्ती जितकी मोठी, तितका ही बाधा सापडण्याचा संभव अधिक. आम्ही युनियनची माणसे हे वाचून अंमळ गप्प झालो! असो. सांगायचे ते हे की, डोंगराची उंची माशीवर दोन वाटांनी काम करते. एक थेट तिच्या पंखांवर, आणि दुसरी कोळ्यांच्या राहणीवर. कारण वस्त्या जेथे मोठ्या, तेथे माशीला बाजार भरलेला मिळतो.

आपल्या घाटात हे कोणी मोजले आहे काय? आपल्याकडे नावे नोंदविण्याचे काम चांगले झाले आहे. गांधीलमाश्या व मधमाश्यांवरचा बिंगहॅमचा ग्रंथ १८९७ चा, कोळ्यांवरचा पोकॉकचा १९०० चा. पुढे प्राणिसर्वेक्षण संस्थेचे टिकादर यांनी पुण्याच्या केंद्रात राहून भारतीय कोळ्यांचे मोठे काम केले. पण नावांची यादी म्हणजे मस्टर. मस्टरवर कोण आहे ते कळते. कोण कोठल्या पाळीला, किती उंचीवर, कोणाच्या जिवावर, हे त्यात येत नाही. ते मोजावे लागते, आणि मोजण्यासाठी इगतपुरीसारखी जागा शोधून सापडणार नाही, असे आमचे मत आहे.

कारण असे. कसाऱ्याहून इगतपुरीला आलात तर पाऊस दोन्हीकडे मुबलक, उंची मात्र तीनशे मीटरनी बदलते. इगतपुरीहून नाशिकला गेलात तर उंची जवळजवळ तीच राहते, पण पाऊस पडतो. पडतो म्हणजे घसरतो! इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि पन्नासएक किलोमीटरवर नाशिकला सातशेच्या आसपास. म्हणजे एका बाजूला उंची बदलून पाहायची, दुसऱ्या बाजूला पाऊस. प्रयोगशाळेत ज्यासाठी मोठा खर्च करावा लागेल ते येथे एका पॅसेंजर गाडीच्या तिकिटात आहे. आमचा अंदाज सांगू का? कुंभारणीच्या बाबतीत येथे उंचीपेक्षा पाऊसच अधिक बोलेल. चार महिने तिची माती उघड्यावर टिकत नाही; छप्पर, कपार किंवा कारवीच्या कुडाची भिंत सापडली तरच तिचा संसार. आणि धुवांधार पावसात तिने उडावे कधी? पण हा अंदाज आहे, मोजणी नव्हे.

अमेरिकेच्या जॅन्झनने १९६७ साली एक निबंध लिहिला. उष्ण कटिबंधातल्या खिंडी प्राण्यांना अधिक उंच भासतात, असे त्याचे म्हणणे. जेथे बारा महिने हवा सारखी, तेथल्या किड्याला थोडी थंडीही भिंतीसारखी अडविते. जेथे हिवाळा-उन्हाळा दोन्ही सोसावे लागतात, तेथला किडा खिंड सहज ओलांडतो. या हिशेबाने आपला घाट मधला आहे. इगतपुरीत मे आणि जानेवारी यांतला फरक दोन अंशांहून कितीतरी मोठा. म्हणून थळ घाटाची चढण इंजिनाला जड असली तरी केवळ तापमानाने माशीला जड नसावी. कळसूबाईची असेल.

आणि येथेच खरी चिंता आहे. पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या मानाने एक अंशाहून अधिक वाढले आहे. आपल्या हिशेबात एक अंश म्हणजे दीडशे ते दोनशे मीटर. बोर्निओच्या किनाबालू पर्वतावर १९६५ साली पतंग मोजले होते, ते २००७ साली पुन्हा मोजले. बेचाळीस वर्षांत त्या जाती सरासरीने ६७ मीटर वर सरकलेल्या दिसल्या. किनाबालू चार हजार मीटरचा आहे, त्यांना वर जागा आहे. आपल्याकडे सोळाशे सेहेचाळीसला महाराष्ट्र संपतो. शिखरावर देऊळ आहे, त्याच्यावर आकाश. शिवाय सगळे एका पावलाने चढत नाहीत. कोळी आधी गेला आणि माशी मागे राहिली, किंवा कोळ्याची पिले बाहेर पडण्याचा आणि माशीचा हंगाम पंधरा दिवसांनी चुकला, की शेकडो पिढ्यांचा हिशेब मोडतो.

कोणी म्हणेल, मोडू दे, पोटाचे काय? पोटाचेच सांगतो. आपला तालुका भाताचा. आवणीनंतर खाचरात पाण्यावरून पळणारे कोळी ज्यांनी पाहिले नाहीत असा एकही शेतमजूर या सभेत नसेल. ते तुडतुडे खातात. इंडोनेशियात १९८६ साली तपकिरी तुडतुड्यांनी भात बुडविला, तेव्हा कळले की औषधे फवारली तेथेच ही कीड अधिक भडकते. तुडतुड्याची अंडी धाटाच्या आत सुरक्षित राहतात, आणि औषधाने मरतो तो बाहेरचा कोळी. पिले बाहेर येतात तो शेतावर राखणदार नाही. त्या सरकारने एका हुकमाने भातावरची ५७ औषधे बंद केली. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप, तोंडाला फडके, आणि मजुरी पंपावर. कोळी आणि मजूर एकाच नळीखाली येतात, ही गोष्ट आम्हाला कोठल्याही ग्रंथाने शिकविली नाही. आणि वरच्या वाड्यांच्या खाचरांत, जेथे माशीच्या आणि कोळ्याच्या पिढ्या सावकाश होतात, तेथे झालेले नुकसान भरून यायलाही अधिक वेळ लागणार, असे वरच्या विवेचनावरून आम्हाला वाटते. तेव्हा फवारणीची सल्लापत्रके घाटाखाली आणि घाटावर एकच असावीत का, हा प्रश्न शेतकी खात्याला विचारण्यासारखा आहे, आणि आम्ही तो विचारणार आहोत.

माश्यांना शत्रू समजून कुंभारणीच्या कोठ्या झाडूने पाडण्याचेही कारण नाही. ती कोळी नेते हे खरे. पण ती आहे म्हणजे तिला पुरतील एवढे कोळी आसपास आहेत. आमच्या दृष्टीने ती हिशेबतपासनीस आहे.

शाळेतल्या मुलांना आणि शिक्षकांना एक काम सुचवितो. पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-अश्विनात, जाळ्यांवर दव असते तेव्हा सकाळी निघावे. कसारा, इगतपुरी, कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव, शिखर, आणि पाचवे ठिकाण नाशिक. प्रत्येक ठिकाणी तासभर जाळी मोजावीत, आणि किती कोळ्यांच्या पोटावर पांढरी अळी बसली आहे ते पाहावे. हात लावू नये. वळचणीखालच्या मातीच्या कोठ्या मोजाव्यात. भोक पडलेल्या वेगळ्या, बंद वेगळ्या. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी. उंचीसाठी यंत्र नको. रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनावर पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती उतरून घ्यावी, आणि वहीत तारीख टाकायला विसरू नये.